गिट नोट्स वारंवार गायब होतात: आधी काय तपासायचं, आणि नोटमध्ये ठेवायचं तरी काय

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, कमिट म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद, आणि नोट म्हणजे त्या नोंदीवर मागाहून चिकटवलेला मजकूर. तक्रार एकच असते, फक्त सांगणारा बदलतो. "दादा, त्या कमिटवर मी नोट लिहिली होती, आता दिसत नाही." कधी नव्याने लागलेल्या मुलाच्या लॅपटॉपवर, कधी रिबेस केल्यावर (कमिट नव्या पायावर पुन्हा मांडल्यावर), तर कधी सकाळी नुसतं फेच केलं (सर्व्हरवरचे बदल आपल्याकडे आणले) एवढ्यावर. दरवेळी कोणीतरी तात्पुरता इलाज सांगतं, नोटा परत दिसतात, आणि दोन महिन्यांनी तोच फोन पुन्हा येतो. आमच्याकडे हे इतक्यांदा झालं की शेवटी बसून सगळी कारणं एकेक करून शोधली. ती इथे मांडतोय. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या लिपीत टाइप करायच्या.

आम्ही सात जण कोल्हापुरात साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करतो. उसाची गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन घेतलं जातं. गव्हाणीत रिकामी होऊन ती परत आली की रिकामं वजन. वजाबाकी होते आणि शेतकऱ्याच्या खात्यावर टन पडतात. या वजाबाकीवर एका घराचं वर्षभराचं गणित असतं, आणि काटामारीची शंका आपल्या भागात काही नवीन नाही. त्यामुळे कुठल्या काट्यावर कोणता कमिट चालू आहे, तो कधी बसवला, प्रमाणित वजनं ठेवून तपासलं तेव्हा काय निघालं, हे विचारलं की आम्हाला सांगता आलंच पाहिजे.

ही माहिती कमिट करताना हातात नसते. कमिट ऑगस्टमध्ये होतो, काट्यावर तो नोव्हेंबरात गळीत हंगामाच्या तोंडावर बसतो. नंतर कमिटच्या संदेशात भर घालायला गेलं तर कमिटचा आयडीच बदलतो, आणि मग ज्याच्याबद्दल लिहायचं तोच कमिट उरत नाही. नेमकी हीच अडचण सोडवायला गिट नोट्स आहेत. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या १.६.६ या आवृत्तीपासून त्या गिटमध्ये आहेत. कमिटला हात न लावता त्याच्यावर मागाहून मजकूर चिकटवता येतो.

पण चिकटवला म्हणजे तो सगळ्यांकडे पोचला, असं नव्हे. हे आम्हाला २०२१ च्या जुलैत कळलं.

पुराच्या वेळी काय झालं

तेव्हा ऑफिस शाहूपुरीत तळमजल्यावर होतं आणि रेपोचा, म्हणजे कोड आणि त्याच्या इतिहासाच्या साठ्याचा, सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं एक मशीन. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या जुलैत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद झाला, आणि आम्ही ऑफिसात पोचेपर्यंत मशीन भिजून गेलं होतं. डिस्क चालली नाही. आम्ही तसे निर्धास्त होतो, कारण गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत असते, असं आम्हीच नव्या मुलांना शिकवत आलो होतो.

कोड सगळा परत मिळाला, एक ओळही गेली नाही. नोट्स मात्र सहा लॅपटॉपवर शून्य होत्या. सातव्या लॅपटॉपवर, ज्या सहकारी ताई कारखान्यांवर जाऊन सॉफ्टवेअर बसवतात त्यांच्याकडे, त्यांनी स्वतः लिहिलेल्या तेवढ्या सापडल्या. म्हणजे तीन हंगामांच्या नोंदींपैकी एका माणसाच्या हातच्या.

गिटची चूक यात काहीच नाही. क्लोन करताना, म्हणजे रेपोची प्रत घेताना, गिट ब्रँचेस (कामाच्या शाखा) आणि टॅग (आवृत्त्यांना दिलेली नावं) आणतं. नोट्स राहतात रेफ्स/नोट्स/ या वेगळ्या खणात, आणि तो खण क्लोन, फेच, पुश (आपले बदल सर्व्हरवर चढवणं) यांपैकी कशातच आपोआप येत नाही. मिरर क्लोन केला असता किंवा गिट बंडल (रेपोची एका फाइलमधली प्रत) बनवताना सगळे रेफ (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) घेतले असते, तर सर्व्हरवरच्या नोट्स बॅकअपमध्ये आल्या असत्या. आता रोज रात्री तसा मिरर दुसऱ्या जागी जातो, आणि ऑफिसही वरच्या मजल्यावर आहे.

नोट दिसत नाही, तर आधी ती आहे कुठे ते बघा

"गेली" म्हणण्याआधी तीन ठिकाणी बघायचं. सर्व्हरवर आहे का:

गिट एलएस-रिमोट ओरिजिन 'रेफ्स/नोट्स/*'

आपल्या मशीनवर आहे का:

गिट नोट्स लिस्ट

आणि ती कुठल्या आयडीवर लटकलीय. दुसऱ्या कमांडच्या उत्तरात प्रत्येक ओळीवर दोन आयडी येतात, पहिला नोटच्या मजकुराचा आणि दुसरा ज्या कमिटवर ती आहे त्याचा. बहुतेक वेळा नोट जिवंत असते, फक्त आपण बघतोय त्या कमिटवर नसते.

सर्व्हरवरच नसेल तर लिहिणाऱ्याने ती पुश केलेली नाही. नेहमीचं गिट पुश नोट्स नेत नाही. नाव घेऊनच सांगावं लागतं:

गिट पुश ओरिजिन रेफ्स/नोट्स/कमिट्स

सर्व्हरवर आहे पण आपल्याकडे नाही, तर फेचच्या सेटिंगमध्ये नोट्सची ओळ नाही. ती घालताना सगळ्यांत जास्त घोळ होतो, म्हणून ते खाली सविस्तर सांगतो.

दोन्हीकडे आहे, पण ब्राउझरमध्ये रेपो उघडल्यावर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर शोधाशोध करत बसू नका. गिटहब या रेपो ठेवायच्या वेबसाइटने २०१० मध्ये नोट्स दाखवायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ते बंद केलं. टर्मिनलवर गिट लॉग केलं की दिसतील.

रिबेस केला आणि नोट गेली

गिटच्या पोटात नोट म्हणजे एक साधी फाइल आहे, आणि त्या फाइलचं नाव म्हणजेच कमिटचा आयडी. दुसरा कुठलाही धागा नाही. रिबेस केला, अमेंड केला (शेवटचा कमिट दुरुस्त केला), की तोच बदल नव्या आयडीने जन्माला येतो आणि नोट जुन्या आयडीच्या नावावर राहते. नाव बदलल्यावर जुन्या नावाने आलेली मनीऑर्डर पोस्टात पडून राहावी, तसं.

पडून राहते, हे महत्त्वाचं. जुना आयडी रिफ्लॉगमध्ये (रेफ आधी कुठे होता याची मशीनवरची नोंद) शोधून

गिट नोट्स कॉपी जुना-आयडी नवा-आयडी

केलं की नोट नव्या कमिटवर येते. तोवर गिट नोट्स प्रून ही कमांड कोणी चालवू नये. जे कमिट रेपोत उरलेले नाहीत त्यांच्या नोट्स ती काढून टाकते. साफसफाईची हौस असलेला एक जण प्रत्येक टीममध्ये असतो, त्याला हे आधी सांगून ठेवा.

कायमचा इलाज नोट्स.रिराइटरेफ या सेटिंगमध्ये आहे. इथे एक फसवी गोष्ट आहे. रिबेस आणि अमेंड करताना नोट पुढे न्यायची सोय मुळातच चालू असते, पण कुठल्या रेफमधल्या नोट्स न्यायच्या हे सांगणारं सेटिंग रिकामं असतं. त्यामुळे प्रत्यक्षात काहीच नेलं जात नाही. त्यात रेफ्स/नोट्स/कमिट्स असं पूर्ण नाव घातलं की काम सुरू होतं.

तरीही हे फक्त आपल्या मशीनवरच्या अमेंडला आणि रिबेसला लागू आहे. चेरी-पिकला (एखादा कमिट उचलून दुसऱ्या ब्रँचवर आणण्याला) नाही. आणि वेबवरचं बटण दाबून स्क्वॉश मर्ज केला (ब्रँचवरचे सगळे कमिट एकात गुंडाळून मुख्य ब्रँचमध्ये घेतले) तर नवा कमिट सर्व्हरवर बनतो, तिथे तुमच्या लॅपटॉपच्या सेटिंगला कोण विचारतो? म्हणून आम्ही सेटिंग तर घातलंच, पण त्याहून मोठा नियम हा केला: नोट लिहायची ती मुख्य ब्रँचवर पोचलेल्या कमिटवरच. चालू कामाच्या ब्रँचवर नोट नाही. या एका नियमाने अर्ध्याहून जास्त तक्रारी थांबल्या.

नुसतं फेच केलं आणि कालच्या नोटा उडाल्या

आमच्या एका मुलाच्या बाबतीत हे तीनदा झालं आणि तिन्ही वेळा त्याच्यावरच बोट दाखवलं गेलं, "तू पुश केलं नसशील." पुश त्याने केलं नव्हतं हे खरं. पण काल लिहिलेली नोट त्याच्या स्वतःच्या मशीनवरून आज जायलाही काही कारण नव्हतं. कॉन्फिग उघडल्यावर ही ओळ सापडली:

फेच = +रेफ्स/नोट्स/*:रेफ्स/नोट्स/*

सुरुवातीचं अधिकचं चिन्ह बघा. त्याचा अर्थ, सर्व्हरवर जे असेल ते माझ्याकडच्यावर बिनशर्त चढव. त्याने दुपारी तीन नोटा लिहिल्या, पुश केल्या नाहीत, संध्याकाळी फेच केलं, आणि सर्व्हरवरची सकाळची अवस्था त्याच्या नोटांवर येऊन बसली. फेचच्या उत्तरात 'फोर्स्ड अपडेट' अशी एक ओळ तेवढी येते, जी कोणी वाचत नाही. एररचा संदेश नाही. नेटवर शोधलं की हीच ओळ पहिल्यांदा हाती लागते, म्हणून ती सगळीकडे पसरलेली आहे.

असं झालं असेल तर घाबरू नका. साध्या रेपोत नोट्सच्या रेफचाही रिफ्लॉग ठेवला जातो.

गिट रिफ्लॉग शो रेफ्स/नोट्स/कमिट्स

फेचच्या आधीचा आयडी तिथे मिळेल. तो थेट मूळ रेफवर बसवू नका, नाहीतर सर्व्हरवरून आलेल्या नोटा जातील. आधी त्याला वेगळं नाव द्या, मग दोन्ही एकत्र करा:

गिट अपडेट-रेफ रेफ्स/नोट्स/वाचवलेल्या सापडलेला-आयडी
गिट नोट्स मर्ज वाचवलेल्या

याच ओळीचा आणखी वाईट परिणाम प्रून लावून फेच केल्यावर होतो. जो नोट्सचा रेफ सर्व्हरवर नाही, तो आपल्या मशीनवरूनही पुसला जातो आणि रेफबरोबर त्याचा रिफ्लॉगसुद्धा. तेव्हा शेवटचा आधार म्हणजे गिट एफएससीके. ते बेवारस कमिट दाखवतं, आणि नोट्सच्या कमिटचा संदेश गिटने स्वतःच लिहिलेला असतो, 'नोट्स ॲडेड बाय…' असा, त्यावरून तो ओळखता येतो. आम्हाला एकदा असंच शोधावं लागलं. सापडलं, कारण तासाभरात लक्षात आलं होतं.

बरोबर ओळ ही:

फेच = +रेफ्स/नोट्स/*:रेफ्स/नोट्स/ओरिजिन/*

म्हणजे सर्व्हरच्या नोटा ओरिजिन या वेगळ्या खणात उतरतात आणि आपल्या नोटांना धक्का लागत नाही. मग गिट नोट्स मर्ज ओरिजिन/कमिट्स करून त्या आपल्यात घ्यायच्या आणि पुश करायच्या. पुश करताना ताऱ्याचं चिन्ह वापरू नका, नाहीतर ओरिजिनचा खणही सर्व्हरवर चढेल. रेफचं नाव पूर्ण लिहा. आणि पुश नाकारला गेला तर फोर्स करू नका. नाकारला याचा अर्थ मधल्या वेळात दुसऱ्या कोणीतरी नोट लिहिलीय. फेच, मर्ज, पुन्हा पुश.

एक कमिट, एक नोट

एका रेफमध्ये एका कमिटवर एकच नोट असते. दुसऱ्याने कमांडमध्येच मजकूर देऊन गिट नोट्स ॲड करायला गेलं तर गिट अडवतं आणि एफ लावून आधीची पुसता येईल असंही सुचवतं. घाईत माणूस एफ लावतो. आपल्याला हवी असते अपेंड. चुकून पुसलीच तर रेफ्स/नोट्स/कमिट्स याचा लॉग पॅचसकट बघा, जुना मजकूर मिळेल. नोट्सना स्वतःचा इतिहास असतो. ही सोय आहे तशीच अडचणही आहे, त्याकडे येतोच.

मर्जमुळे कळलं की नोट कशी लिहायची

इथवरचं सगळं तांत्रिक होतं. रेफ, कॉन्फिग, पुश. ते नीट करूनही आमच्या नोटा कामाच्या राहत नव्हत्या, आणि त्याचं कारण वेगळंच निघालं.

दोघांनी एकाच कमिटवर आपापल्या मशीनवर नोट लिहिली तर मर्जला ती जोडावी लागते. आम्ही कॅट-सॉर्ट-युनिक ही पद्धत ठेवली होती: दोन्हीकडच्या ओळी एकत्र करायच्या, क्रमाने लावायच्या, दुबार ओळी काढायच्या. ऐकायला छान. एका मुलाने लिहिलं होतं:

कारखाना: अ
काटा: १
चाचणी: उत्तीर्ण

ताईंनी दुसऱ्या कारखान्यावरून:

कारखाना: ब
काटा: ३
चाचणी: नापास

मर्ज झाल्यावर नोट अशी झाली:

काटा: १
काटा: ३
कारखाना: अ
कारखाना: ब
चाचणी: उत्तीर्ण
चाचणी: नापास

नापास कोणता काटा? एकही अक्षर हरवलेलं नाही आणि तरीही माहिती गेली. अ कारखान्याचा पहिला काटा की ब चा तिसरा, हे या नोटवरून कोणालाही सांगता येणार नाही. हंगामात ही नोट बघून आम्ही कदाचित चांगला काटा थांबवला असता आणि वाईट चालू ठेवला असता. सुदैवाने दोघेही ऑफिसात होते.

तेव्हापासून नियम: एक नोंद म्हणजे एक ओळ, आणि ती ओळ एकटी वाचली तरी पूर्ण अर्थ लागला पाहिजे.

बसवणी | कारखाना-०७ | काटा-२ | २०२४-११-१८ | चालू

क्रम बदलला, मध्ये दुसऱ्याची ओळ आली, काही बिघडत नाही. तारीख वर्षापासून लिहायची, म्हणजे एकाच काट्याच्या ओळी क्रमाने लावल्या की तारखाही आपोआप क्रमाने लागतात. कारखान्याचं नाव लिहायचं नाही, आमच्याकडचा क्रमांक लिहायचा. मजकूर मराठीत ठेवला, कारण या नोटा आमच्यापेक्षा काट्यावर जाणारी मुलंच जास्त वाचतात आणि युनिकोड मजकुराचं गिटला काही वावडं नाही. किल्लीचे शब्द मात्र ठरलेले. 'बसवणी' म्हणजे बसवणीच. कोणी 'इन्स्टॉल', कोणी 'बसवलं', कोणी 'डिप्लॉय' लिहिलं की शोधताना निम्म्या ओळी निसटतात.

आणि हे शब्द ठरवायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मूळ दुखणं हेच होतं. नोटमध्ये काय ठेवायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकजण आपल्या समजुतीने लिहीत होता, म्हणून हरवलेली नोट महत्त्वाची होती की नाही हेही कोणाला सांगता येत नव्हतं.

काय ठेवायचं

गिट स्वतः काही अडवत नाही. नोट म्हणजे नुसता बाइट्सचा गोळा, त्यात चित्रसुद्धा घालता येतं. गिट हॅश-ऑब्जेक्टने आधी ते रेपोत लिहायचं आणि मग मोठा सी लावून नोट म्हणून जोडायचं. थेट फाइलवरून जोडायला गेलात तर गिट मजकुराची आवराआवर करतं, लागोपाठच्या मोकळ्या ओळी एक करतं, आणि चित्राचा चुथडा होतो. पण घालता येतं म्हणून घालू नये. काट्याच्या इंडिकेटरचा (वजन दाखवणाऱ्या यंत्राचा) लॉग, स्क्रीनशॉट, तपासणीच्या दाखल्याची प्रत, हे सगळं बाहेर ठेवा आणि नोटमध्ये त्याचा क्रमांक लिहा. अपेंड करताना प्रत्येक वेळी पूर्ण नोट नव्याने लिहिली जाते, मोठी नोट रेपो फुगवते.

नव्या मुलांना समजावताना मी सातबारा काढतो. कोल्हापुरात ज्याच्या घरी शेती नाही असा मुलगा आमच्याकडे अजून आलेला नाही, त्यामुळे लगेच कळतं. जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र ही मूळ नोंद. त्यावर सोसायटीचा बोजा चढला की तो 'इतर हक्क' या रकान्यात येतो, आणि का आला, कधी आला, ते गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत सापडतं. बोजा चढला म्हणून कोणी जमिनीचं क्षेत्र खोडून लिहीत नाही. कमिट ही मूळ नोंद, नोट म्हणजे इतर हक्क, आणि नोट्सच्या रेफचा इतिहास म्हणजे फेरफार.

त्यावरून ठरतं. कमिट करतानाच जे माहीत आहे ते नोटमध्ये नको, ते संदेशात किंवा संदेशाच्या तळाच्या ट्रेलरमध्ये: कोणी तपासलं, कुठल्या तक्रारीसाठी, सह्या. ते कमिटच्या आयडीत बांधलं जातं, कोणी नंतर बदलू शकत नाही, क्लोनबरोबर आपोआप येतं. एखाद्या पूर्ण आवृत्तीबद्दल बोलायचं असेल तर ॲनोटेटेड टॅग. त्यात टॅग करणाऱ्याचं नाव, तारीख, संदेश असतो आणि डिजिटल सहीही करता येते. वैधमापनाच्या तपासणीला जी आवृत्ती दाखवली तिला आम्ही सहीचा टॅग लावतो आणि तो टॅग पुन्हा हलवत नाही.

उरलं ते नोटमध्ये: कमिट झाल्यानंतर कळलेलं आणि त्याच एका कमिटबद्दलचं. गिटच्या स्वतःच्या विकासातही हेच दिसतं. तिथे 'एएमलॉग' नावाच्या नोट्समध्ये कोणता कमिट कोणत्या ईमेलमधून आला हे नोंदवलेलं असतं. पॅच पाठवणाऱ्याला ते संदेशात लिहिता येत नाही, कारण ईमेल पाठवतानाच त्याला क्रमांक मिळतो.

आम्ही दोन रेफ केले. माणसं लिहितात ते 'डिप्लॉय' मध्ये, रात्रीच्या चाचण्यांचं मशीन लिहितं ते 'टेस्ट' मध्ये. आधी सगळं एकत्र होतं, तेव्हा मशीनच्या शेकडो ओळींत माणसाची एक ओळ बुडून जायची. दोन्ही एकदम बघायचे तर नोट्स.डिस्प्लेरेफ मध्ये दोघांची नावं घालायची.

हे सगळं रेपोच्या मुळाशी एका फाइलमध्ये लिहून ठेवलंय: प्रत्येक किल्ली, तिचा अर्थ, ती कोणी लिहायची, एक नमुना ओळ. फाइल दीड पानाची आहे. कॉन्फिग क्लोनबरोबर येत नाही, म्हणून शेजारी एक सेटअप स्क्रिप्ट आहे, ती फेचची ओळ, रिराइटरेफ, डिस्प्लेरेफ आणि मर्जची पद्धत बसवते. त्यात दोन्ही रेफ नावाने लिहिलेत, ताऱ्याने नाही, नाहीतर ओरिजिनच्या खणातल्या नोटाही दुबार दिसतात.

'ॲनोटेट' शब्दावरून गोंधळ होतो म्हणून एक ओळ जास्तीची: गिट ॲनोटेट म्हणजे गिट ब्लेमचंच दुसरं रूप, त्यात साठवलेलं काही नसतं, दरवेळी इतिहासातून ते काढलं जातं.

काय ठेवायचं नाही

फाइल लिहिण्याआधी जुन्या नोटा चाळल्या. एका नोटमध्ये शेतकऱ्याचा मोबाईल नंबर आणि बँक खात्याचा क्रमांक होता. कोणी वाईट हेतूने टाकलेला नव्हता. वजनाची तक्रार आली होती, मुलाने पावतीवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तक्रार मिटली, नोट राहिली. त्या माणसाने आपला नंबर कारखान्याला दिला होता, आम्हाला नाही, आणि सात लॅपटॉपवर फिरायला तर मुळीच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण तो नसता तरी हे चूकच होतं.

काढताना खरी अडचण कळली. आमच्यातले दोघं जुने सबव्हर्जनवाले (गिटच्या आधीचं तसंच साधन वापरलेले). तिथे रिव्हिजन प्रॉपर्टी (नोंदीला जोडलेली माहिती) बदलली की जुनी किंमत कायमची जाते, इतिहास राहत नाही, म्हणूनच ती बदलायला आधी सर्व्हरवर प्री-रेव्हप्रॉप-चेंज हुक (ठरावीक क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) चालू करावा लागतो. त्यांना वाटलं इथेही तसंच असेल. गिट नोट्स रिमूव्ह केलं, नोट दिसेनाशी झाली, काम संपलं. संपलं नव्हतं. नोट्सच्या रेफचा इतिहास उघडला की मागच्या कमिटमध्ये नंबर जसाच्या तसा.

खरोखर काढायचं तर तो इतिहासच तोडावा लागतो. नोट काढून झाल्यावर रेफच्या आत्ताच्या ट्रीवरून (फाइलींच्या यादीवरून) गिट कमिट-ट्रीने मागचा धागा नसलेला नवा कमिट बनवायचा, रेफ त्यावर न्यायचा आणि या एका वेळी फोर्स पुश करायचा. मग प्रत्येक लॅपटॉपवर आणि सर्व्हरवर जुना रेफ काढून रिफ्लॉग संपवायचा आणि जीसी, म्हणजे गिटची सफाई, प्रून=नाऊ लावून चालवायची. एका जरी मशीनवर जुना रेफ राहिला तर पुढच्या मर्जमध्ये सगळं परत येतं. आमच्याकडे तसं एकदा परत आलंही. बॅकअपचा मिरर विसरला होता.

म्हणून आता सर्व्हर आमचा असल्याने त्यावर अपडेट हुक आहे. नोट्सच्या रेफवर पुश आला की नव्या मजकुरात सलग १० किंवा १२ अंक आहेत का ते बघतो, असले तर पुश परत. मोबाईल आणि आधार दोन्ही त्यात अडकतात. पहिल्या आवृत्तीत एक भोक होतं: आम्ही फक्त इंग्रजी अंक तपासत होतो, आणि आमची मुलं मराठीत लिहितात. देवनागरी अंकांतला नंबर सरळ आत गेला. आता दोन्ही तपासतो. पासवर्डला असा आकार नसतो, तो हुकला पकडता येत नाही. दूरस्थ जोडणीचा पासवर्ड नोटमध्ये लिहायचा नाही, हे फाइलमध्ये पहिल्याच ओळीत ठळक लिहिलंय.

हंगामाआधी, ऑक्टोबरात, आम्ही एका रिकाम्या मशीनवर रेपो क्लोन करतो, सेटअप चालवतो आणि मागच्या हंगामातल्या पाच काट्यांच्या बसवणीच्या ओळी शोधतो. गेल्या खेपेस चार सापडल्या. पाचवी ताईंच्या लॅपटॉपवर होती, पुश व्हायची राहिलेली. कारखान्याच्या आवारात नेट नव्हतं, आणि नंतर त्या पुढच्या काट्यावर गेल्या. आता सेटअप स्क्रिप्टने प्री-पुश हुकही बसतो: कोड पुश करताना नोट्स मागे राहिल्या असतील तर तो थांबवून सांगतो.